दुसरा हात

मंगळवारच्या वर्गाला पाच वाक्यं करून न्यायचीत,
क्रियापद एकच: गो ओव्हर.
हडर्सफील्डच्या वाचनालयाचा वरचा मजला,
रेडिएटरवर वाळत घातलेले सगळ्यांचे हातमोजे,
आणि मिस आर्मिटेज पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या,
मिस्टर रँडिव्ह, लेट्स गो ओव्हर इट.

रणदिवे, मी म्हणालो. मनात.
गो म्हणजे जा, ओव्हर म्हणजे वर.
मी छताकडे पाहिलं.
आमच्या मिरजेत वर गेलेला माणूस
परत येऊन चहा मागत नाही.
इथे जो तो दिवसातून चारदा वर जाऊन येतो.
घरमालक आला, यादीवरून गेला:
अकरा चमचे, एक टवका उडालेली बशी,
पुन्हा अकरा चमचे.
हे माझं पहिलं वाक्य.
दुसरं बसच्या ब्रेकवर आहे, तिसरं विसरलो,
चौथ्यात शेजारची डोरीन
पुसलेली पायरी परत पुसते.

कोशात दिलंय: उजळणी, तपासणी.
असेल.
पण मला विचाराल तर हा शब्द रंगाऱ्याचा.
बावीस वर्षं मी पाट्या रंगवल्या,
सतारवाल्यांच्या, दातांच्या दवाखान्यांच्या,
खडूची दोरी ताणून, खारीच्या केसांच्या ब्रशाने.
उस्ताद बाबालाल म्हणायचे,
पहिला हात भिंतीचा. ती पिऊन टाकते.
दुसरा हात आपला. तो राहतो.
वाळलेल्या अक्षरावरून तेच अक्षर,
तीच वेलांटी, तोच ळ, त्याच्या त्याच दोन गाठी,
आणि हात जरा हलला की
पहिल्यात काय चुकलं होतं ते दिसायचं.

सुवार्ता सकाळी साडेआठला घरी येते.
नर्सची नोकरी तिची, व्हिसा तिचा,
मी तिच्या कागदांवर चिकटून आलेलं तिकीट.
बूट काढत नाही हल्ली. तशीच खुर्चीत बसते.
वॉर्ड अकरा, खाट चार, मिस्टर हेग,
दोन चाळीसला.
तिची काही चूक नव्हती असं सगळेच म्हणाले,
आणि पुन्हा विचारलं.
आधी सिस्टर, मग टाय लावलेला एक मुलगा,
मग कोणी बाई, ऑफिसातल्या, पाण्याचा पेला पुढे करत,
कुड यू जस्ट गो ओव्हर इट वन्स मोअर, फ्रॉम द स्टार्ट.
जस्ट म्हणजे काय, तिने मला विचारलं.
मला येत होतं. मी सांगितलं नाही.

मग रोज सकाळी मला सांगते.
दोन वाजता नाडी बघितली. दोन दहाला चार्ट भरला.
दोन पंचवीसला घंटा वाजली, पण ती खाट सातची.
शब्दसुद्धा तेच, क्रमसुद्धा तोच,
मला पाठ झालंय, मध्येच थांबली तर
पुढचं मी सांगू शकतो.
एकदा सांगितलंही. फार वाईट केलं.

आज मी गप्प बसलो.
चहा ओतला, साय काढली, तिची बशी तिच्याकडे सरकवली.
दोन वाजता नाडी.
दोन दहाला चार्ट.
मग ती खिडकीकडे बघत राहिली, आणि म्हणाली,
त्यांनी विचारलं होतं, बाहेर बर्फ पडतोय का.
कोणी?
हेगनी. पडदा ओढलेला होता.
मी म्हटलं, हो, खूप.
कोरडी ठणठणीत रात्र होती रे.
ते म्हणाले, मग गाड्या बंद असतील,
मग कोणी आलं नाही त्याचं काही नाही.

हे कुठल्याच कागदावर नाही.
तिने बूट काढले.

पाचवं वाक्य मी लिहिलंय:
त्या रात्री बर्फ पडत नव्हता.
मिस आर्मिटेज चष्मा वर करून विचारतील,
मिस्टर रँडिव्ह, यात आपलं क्रियापद कुठे आहे?