विजेच्या बिलाच्या पाठीवर

पाचवीपर्यंतची शाळा संपली,
दाखल्यावर शिक्का बसला,
आणि ‘आता पुढे कुठे?’
आमच्या साडेतीनशे फुटांत
चौथ्या माणसासारखं राहायला आलं.

मी विजेचं बिल उलटं केलं.
पट्टी सापडेना, म्हणून
प्रचितीच्या डब्याच्या झाकणाने रेघा मारल्या:
तळवली. घणसोली. रबाळे.
तिन्ही पालिकेच्या, तिन्ही फुकट.
फुकट म्हणून काय डोळे मिटून घ्यायची?
कोथिंबिरीची जुडीसुद्धा मी उलटी करून बघते.

महापेच्या पॅकिंगमधून दोन अर्धे दिवस मागून घेतले.

पहिली जवळ. गेटातून आमच्या गॅलरीतली
वाळत घातलेली चादर ओळखू येते.
एका वर्गात अडुसष्ट.
बाई पुढच्या तीन बाकांशी बोलत होत्या.
शेवटच्या बाकावर एक पोरगा
करकटकाने होडी कोरत होता,
खोल, डोलकाठीसकट,
वर्षभराचं काम असावं.
मी लिहिलं: सात मिनिटं, चालत.
होडीला रकाना नव्हता.

दुसरीत संगणक. वीस.
प्लास्टिक अजून काढलेलं नाही,
नव्या सोफ्याचं लोक काढत नाहीत तसं.
कुंदे सर म्हणाले, सेमी आहे,
गणित-विज्ञान इंग्रजीतून.
शिकवतं कोण?
‘जागा भरायची आहे.’
फळ्यावर तारीख अकरा दिवसांपूर्वीची,
अक्षर मात्र फार सुंदर.

तिसरी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे.
टँकर, डंपर, कंपन्यांच्या बस.
पूल आहे,
पण पायऱ्या चढण्याइतका वेळ
इथे कुणाकडेच नाही.
वाघचौरे बाईंनी मला काही विचारलंच नाही.
पोरीला विचारलं, ‘तुला काय आवडत नाही?’
ती खरंच विचार करून म्हणाली,
‘भागाकार. आणि कारलं.’
बाई म्हणाल्या, ‘भागाकाराचं बघू.’

आणि एक गोष्ट मी तिन्हीकडे विचारली.
मुलींचं स्वच्छतागृह कुठे?
शिपाई दचकले. एकाला वाटलं, मलाच जायचंय.

पहिलीत कडीच्या जागी सुतळी.
दुसरीत बाहेरून कुलूप, चावी ऑफिसात.
तिसरीत चार दारं. तीन नीट लागत होती,
चौथ्याला नवीकोरी कडी, स्क्रू अजून चमकणारे.
मी आत गेले, कडी लावली,
आणि उगाच
थोडा वेळ तशीच उभी राहिले.

मी सातवीत होते तेव्हा
आमच्या शाळेच्या त्या दाराला कडी नव्हती.
आधी महिन्याचे चार दिवस बुडाले,
मग आठवडा,
मग शाळाच.
घरी कारण सांगितलं नाही.
सगळ्यांनी धरून चाललं, गणित जमत नसेल.

गणित जमत होतं.

रात्री विलास म्हणाला, ‘अगं, पण तो रस्ता!’
त्याचंही बरोबर.
तो टेम्पो चालवतो,
लोक कसे गाडी हाणतात त्याला माहीत.
शेजारच्या नाझनीनला विचारलं,
तिची मुलगी तिकडेच जाते, पुलावरून.
‘पहिले दोन महिने मी हात धरून नेलं,
मग तिने हात सोडवून घेतला.’
सुपरवायझरला विचारलं, नऊची दहा होईल का.
होईल, म्हणाला,
पैसे तेवढे कापेन.

या सगळ्यात बिलाची तारीख उलटून गेली.
खिडकीतल्या बाबाने बिल घेतलं, शिक्का मारायला उलटं केलं,
आणि चष्मा वर करून
सगळं वाचत बसला. मागे रांग चुळबुळली.
‘मग? कुठली घेतली?’
‘रबाळे.’
‘आमच्या नातीचंही बघायचंय,’ तो म्हणाला,
आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं,
जिथे मी एवढंच लिहिलं होतं: कडी लागते.
‘हे कडी म्हणजे काय हो?’

मी म्हटलं, ‘सुटे देऊ का?’