पोच

फोन येतो तेव्हा फेरी नदीच्या मधोमध असते.
रायबंदर मागे पडलेलं, चोडण अजून हाताशी नाही.
‘मिस्टर युलास चॉडंकर?’
उल्हास चोडणकर, असं मी दुरुस्त करत नाही.
आग्नेल वकिलांनी बजावून ठेवलंय,
नावालासुद्धा हो म्हणू नकोस.

ती म्हणते, तिचं नाव रिया.
तिच्या मागून कुणीतरी ओरडतं, ‘ए मेहरुन, चाय!’
आम्ही दोघंही ऐकलं नाही असं दाखवतो.

रिया,
तू मागतेस ते पैसे
माझ्या हातात कुणी कधी ठेवलेच नव्हते.
पाटोला पेट्रोल पंपावर टाय लावलेला एक पोरगा होता,
फुकट छत्री वाटत होता.
छत्रीमागून कार्ड आलं.
छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली,
कार्ड टिकलं.
त्यानं फ्रिज आणला, चवथीला पुतण्यांचे कपडे,
माटोळीभोवती लावायला दिव्यांची माळ,
आणि एकदा (हे बायकोलाही ठाऊक नाही)
मिरामारच्या हॉटेलात पाचजणांचं जेवण.
बार्जवरचे चार सोबती होते, आणि बिलाला
मीच हात घालावा असं मला वाटलं.
वेटरनं कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं.
एवढ्या अदबीनं मला कुणी काही दिलं नव्हतं.

सगळं मिळून अडतीस हजार चारशे.
आज तू म्हणालीस, एक लाख एकसष्ट.
आमच्या काठची खारफुटीसुद्धा
इतक्या वेगानं वाढत नाही.

मग खाणी बंद झाल्या. बार्ज नांगरावरच गंजली.
बँकेनं मला कुणाला तरी विकलं,
त्यांनी पुढे आणखी कुणाला,
संध्याकाळी उरलेले बांगडे
मोजून नाही, टोपलीवर जातात तसं.

नऊ वर्षं झाली.
वकील म्हणतात, असलं येणं तीन वर्षांत मरतं,
कोर्ट त्याला खांदा देत नाही.
पण ‘देतो’ असं एका ओळीत लिहून
खाली सही केलीस, की उठून बसेल.
म्हणून तू पाचशेच मागतेस.
‘फक्त गुडविल, सर.’
पाचशे आहेत माझ्याकडे.
या शर्टाच्या खिशात आहेत.
अडचण तीच आहे.

आमच्या फेरीवर पायी माणसाला भाडं नाही.
म्हणून मला देणं कळत नाही असं समजू नकोस.
बार्ज सुटली त्या वर्षी पदेरानं
तीन महिने पाव उधार घातले.
बेकरीच्या भिंतीवर खडूच्या रेघा होत्या,
पाच-पाचांच्या जुड्या, माझ्या उंचीच्या वर गेलेल्या.
फेरीचा पहिला पगार झाला आणि त्यानं
माझ्यासमोर ओलं फडकं फिरवलं.
काही बोलला नाही, पीठच मळत राहिला.
तुझ्याकडे अशी पुसायला
भिंत कुठे आहे, रिया?

हे विचारायच्या आत रेंज जाते.
धक्क्याला फळी आपटते, स्कूटरी उतरतात.

त्या आठवड्यात मी पत्र लिहिलं.
तुमचा दावा मला मान्य नाही.
मूळ करार आणि पूर्ण हिशेब पाठवावा.
सही केली. ही सही चालते, वकील म्हणाले.
पणजीच्या पोस्टात रजिस्टर केलं, पोचेच्या कार्डासकट.
छत्री, माळ, पाचजणांचं जेवण
त्यात नव्हतं.
ते इथे आहे, आणि खाली सही नाही.

बाराव्या दिवशी कार्ड परत आलं.
गोल शिक्का, वर तिरपी सही.
उजेडात धरून पाहिलं.
पहिलं अक्षर म असेल,
नाहीतर नुसताच पेनाचा फटकारा.
नऊ वर्षं माझ्याकडून जी मागत होते
ती त्यांनीच लिहून दिली होती मला, पोच.

फ्रिजवर ठेवली.
फ्रिज एकदा थरथरला
आणि चालू झाला.