अपवादाचा अर्ज क्रमांक २११

कर्नल हॅव्हरकॅम्पना एक आकडा हवाय.
शुक्रवारपर्यंत. एका पानावर, जमलं तर एका ओळीत:
सगळ्या सरकारी यंत्रांसाठी एकाच भाषेत लिहायचं ठरवलं
तर वाचतं किती?

डेटनला फेब्रुवारी आहे. पार्किंगमधला बर्फ
मीठ टाकून टाकून काळा पडलाय, आणि माझ्या टेबलावर
अर्जांची चळत: आम्हाला या भाषेतून वगळा,
आमचं रडार वेगळं, आमची मुदत तोंडावर,
आमची पोरं दुसरंच काही शिकून आलेली.
एका अर्जाला तीन सह्या, एका सहीला दोन बैठका,
बैठकीला कॉफी.
कॉफी मी धरली नाही. बाकी सगळं धरलं.

खरं सांगायचं तर भाषा चांगली आहे.
खडूस आहे, जुन्या शाळेतल्या बाईंसारखी:
मीटर आणि फूट एका बाकावर बसू देत नाही,
चुकलात तर दारातच अडवते,
आकाशात गेल्यावर नाही.
माझ्या आलेखात तिची ओळ लिहायला महाग,
सांभाळायला स्वस्त;
अकराव्या वर्षी कुठेतरी रेघ रेघेला छेदते
आणि उतरत जाते.

पण अकराव्या वर्षी या खुर्चीत कोण?
ज्याच्या बजेटातून जातात, त्याची दोन वर्षांत बदली होते.
ज्याचे वाचणार, तो आत्ता कुठल्याशा शाळेत
पाढे घोकतोय, त्याला बैठकीचं बोलावणं नाही.
पेरणारा एक, कापणारा दुसरा, हे जगरहाटीला धरून;
इथे पेरणाऱ्याला वर दंड.

काल व्हर्नन प्रुइट आला, २११ घेऊन.
एकवीस वर्षं एकच प्रोग्रॅम राखतोय,
अशा भाषेत, जी या इमारतीत
त्याला येते आणि यंत्राला.
"नव्या भाषेत आणायचे चाळीस लाख," म्हणाला.
"आणि न आणायचे?"
त्याने टोपी बोटावर फिरवली.
"मी आहे तोवर माझा पगार."
मी लिहून घेतलं. कोणत्या रकान्यात, ते ठरेना.

आमच्या आडनावाची माणसं या राज्यात एके काळी
जर्मनमध्ये हिशेब ठेवत.
आजोबांच्या बेकरीची वही आहे माझ्याकडे:
महायुद्धाच्या सुमारास एक पान उलटतं, आणि पुढे सगळं इंग्रजी.
पीठ तेच, उधारी तीच, बेरीजही बरोबर.
फक्त समासातले शेरे थांबलेत.

हे अहवालात बसत नाही, बसूही नये.
कोड म्हणजे कुणाची मायबोली नव्हे.

तरी काल रात्री व्हर्ननचा प्रिंटआउट चाळला.
चारशे बाराव्या ओळीपुढे एक टीप, त्र्याहत्तर सालची:
*हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.*
माझ्या तक्त्यात सगळ्या ओळींना एकच दर आहे.
या ओळीलाही.

कर्नलसाहेब, आकडा असा:
आठ टक्के ते चाळीस.
तुम्ही म्हणाल, हा एक नाही.
नाही.

२११ वर तिसरी सही माझी.
गाडीत राहिलेलं पेन गारठलंय, शाई उतरत नाही.
कागदाच्या कोपऱ्यात गोल गोल गिरवत बसलेय.