मान फिरवलेला मोर

रात्री साडेआठला हिरवी कंपनी नवं कार्ड काढणार,
म्हणून लाल कंपनीनं दुपारीच दर पाडला.
माझ्या काचेच्या कपाटात जुन्या दराचे तीन लाल डबे,
सील न फोडलेले.
समोर गुंडेटीकडं पाच.
तेवढाच जिवाला थंडावा.

नवी पेठ, मे महिना, त्रेचाळीस अंश.
डेमोचं मशीन पुढून बर्फाचे डोंगर दाखवतं
आणि मागून भट्टीसारखं फुंकतं.
कॉलेजची पोरं कपाटापुढं भांडत उभी:
"लाल घे बे, मेमरी जास्त हाय."
"आणि ड्रायव्हर कोण सांभाळणार, तुझा काका?"
एसी फुकट, जारचं पाणी फुकट.
बिलबुक सकाळपासून कोरं.

आत स्टुलावर अण्णा.
अशोक चौकात एकतीस वर्षं कार्डंच केली त्यांनी,
चादरीच्या जेकार्डची, पुठ्ठ्याची.
भोक असेल तिथं दोरा वर,
नसेल तिथं खाली.
एका मोराला अकराशे पुठ्ठे.
दुकानात कुणी "कार्ड" म्हटलं
की ते अजून बघतात, आपल्याला बोलावलं का.

मोराचं त्यांनी एकदाच सांगितलं, वीज गेली होती तेव्हा.
म्याकल शेठना गड्ड्याच्या जत्रेत नवा मोर काढायचा होता,
कुणाला कळू न देता.
अण्णा पुठ्ठे पेपरात गुंडाळून घरी आणायचे,
आई त्यांवर डोकं ठेवून झोपायची.
आठव्या रात्री बुरा शेठचा माणूस आला.
शंभराच्या चार नोटा ठेवल्या. चहाही घेतला नाही.
"मग?"
"मग काय. मोराची मान फिरवली.
त्यांचा डावीकडं बघतो, ह्यांचा उजवीकडं."
जत्रेत दोन्ही मोर समोरासमोर टांगलेले,
गिऱ्हाइकं हमरीतुमरीवर, अस्सल कुठला म्हणून.
दोन्ही शेठ अण्णांनाच दाखवायचे,
बघ, कसा चोरला आमचा.
अण्णा म्हणायचे, होय की.

एका कारखान्याचं आता मंगल कार्यालय झालंय.
दुसऱ्याच्या पत्र्यावर पिंपळ.

हिरव्याची चिप, लालची चिप
म्हणे एकाच भट्टीत भाजतात, समुद्रापलीकडं.
तिथंही असेल कुणीतरी,
घरी जाताना दोन्ही खिसे चाचपणारा.

पाचच्या सुमारास विडी घरकुलातून भार्गवी आली,
सोबत रामुलम्मा, तिची आई.
गेल्या जानेवारीपासून पोरगी दर पडायची वाट बघत होती,
मोबाईलवर तक्ता ठेवलेला, कुठल्या दिवशी किती.
टॉवेलची डिझाइनं करते, आता त्यांना हलवायचंय म्हणते.
नोटा रबरात, तंबाखूचा वास.
माझ्या खरेदीपेक्षा चार हजारांनी कमी.
दिलं.
गुंडेटीनं दिलं असतं, त्यापेक्षा बरं.

रामुलम्मानं डबा उघडायला लावला.
"ह्यात कार्ड कुठंय? हे तर तीन पंखे."
भार्गवी समजावत होती,
एका सेकंदात किती ठिपके, किती कोटी हिशेब.
हजार विड्या न बघता मोजणारी बाई
बोटांवर काहीतरी मोजून म्हणाली,
"आणि मजुरी?"

अण्णांनी हात पुढं केला.
कार्ड ट्यूबलाइटकडं धरलं, उलटं केलं,
अंगठा कडेनं फिरवत नेला,
जिथं स्क्रू बसतो तिथं थांबला.
"भोकं आहेत की."
मग पोरीला, हळूच:
"मोर होतो का ह्यात?"
"होतो की, आजोबा. चालवूनसुद्धा दाखवते.
मान कुठल्या बाजूला ठेवू?"
अण्णांनी कार्ड तिच्या हातात दिलं
आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

साडेआठ वाजले.
पोरं मोबाईलभोवती कोंडाळं करून,
हिरव्याचा आकडा आला तशी एकदम ओरडली.
समोर गुंडेटीनं शटर अर्धं ओढलं,
पायरीवर आला,
आणि रस्त्यापलीकडून, रिक्षांच्या वरून,
हातानंच विचारलं:
गेला का एखादा?