दोन तास अठरा मिनिटं

नेरूळला, पतपेढीच्या वरच्या हॉलमध्ये
महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सिनेमा असतो.
या वेळी ग्रीक.
घैसासांनी पत्रकात लिहिलं होतं :
'उशिरा वयात येणाऱ्या पुरुषाची संथ, तरल कहाणी.'
संथ हे खरं निघालं.

नायक छत्तीसचा. नाव शेवटपर्यंत कळलं नाही.
आई त्याला हाक मारायची तेव्हा
पडद्यावरची खालची ओळ नेमकी
पुढच्या काकांच्या टकलामागे जायची.

तो बोट खरवडतो. रंगवतो.
पुन्हा खरवडतो.
आई गच्चीत अंजिरं वाळत घालते.
एक शेळी येते, आपल्याकडे बघते, जाते.
(सगळ्यांत बरं काम शेळीचंच.)
मग तो समुद्राकडे बघतो
आणि आम्ही त्याच्या मानेकडे.
सात मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली.
मानेवर एक तीळ होता,
तो तीळ मी आता कुठल्याही बाजारात ओळखेन.

चाळिसाव्या मिनिटाला निमकरबाई पर्स उचलून गेल्या.
तासाभरानं ते नवीन जोडपं,
चपला हातात घेऊन, देवळातून निघावं तसं.
मी बसून राहिले.
मला मधून उठता येत नाही.
पंगतीतून नाही, मीटिंगमधून नाही,
तुर्भ्याच्या त्या गोडाऊनच्या ऑफिसातून तर
अकरा वर्षं नाही.
एकदा एका माणसासमोरून उठायचं होतं,
धीर गोळा करत होते,
तेवढ्यात तोच उठून पुण्याला गेला.

वाटलं होतं, तो बोट पाण्यात ढकलेल.
निदान ढकलताना पडेल.
निदान आईशी भांडेल, एखादी बशी तरी फुटेल.
शेवटी त्यानं काय केलं,
तर दाढी केली.
पडदा काळा.
जाणकार 'वा' म्हणाले, पण हळूच,
शेजारचा म्हणतोय का ते बघून.

मग चहा, क्रीमरोल आणि चर्चा.
'थांबणं हीच इथली कृती आहे,' घैसास म्हणाले.
वहीवाला एक मुलगा म्हणाला, बोट म्हणजे देश.
मग घैसास माझ्याकडे वळले,
'वैजयंतीबाई, तुम्ही नेहमी गप्पच असता.'

'मला कंटाळा आला,' मी म्हणाले.

एवढंच. पण छताचा पंखा
एकदम ऐकू यायला लागला.
कानशिलं तापली,
दहावीच्या तोंडी परीक्षेत तापायची तशी.
काकांनी टक्कल वळवून पाहिलं
आणि त्यांचा क्रीमरोल अर्ध्यावर थांबला.
घैसास म्हणाले, 'हाही एक दृष्टिकोन आहे.'
नव्हता हो दृष्टिकोन. कंटाळा होता.

चालत घरी आले.
खाडीकडून ओहोटीचा वास येत होता.
या दिवसांत तिथं फ्लेमिंगो उतरतात.
रात्री त्यांचं गुलाबी काही दिसत नाही,
नुसतं वाटत राहतं, की चिखलात कुणीतरी
बराच वेळ एका पायावर उभं आहे.

माझ्याकडे किल्ली आहे.
तरी मी बेल वाजवते, तरी बाबा उठून दार उघडतात,
सिडकोच्या लॉटरीत हे घर लागलं
तेव्हापासून असंच.

'कसा होता?'
'बरा नव्हता.'
हेही पहिल्यांदाच. एरवी मी 'छान' म्हणते
आणि ते वर्तमानपत्राची घडी घालतात.
'किती वेळाचा?'
'दोन तास अठरा मिनिटं.'
त्यांनी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं,
लायटर दोनदा वाजवला
आणि दिवा बंद केलास का, असं विचारावं
तितक्या सहज विचारलं,

'मग मधेच उठून का नाही आलीस?'

मी दुधाकडे बघत राहिले.
कडेनं बारीक बुडबुडे, मग मधे,
मग साय हलायला लागली.
या वेळी मिनिटं मोजली नाहीत.

'अगं,' बाबा म्हणाले, 'उतू जातंय.'