परमिट

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात
दारू नव्हती.
गुजरातेत नसतेच, असं अमरावतीचे मामा कौतुकानं म्हणत
आणि आई मान डोलवायची.
आमच्याकडे होतं ते औषध.
बाबांजवळ डॉक्टरांचा कागद होता, शिक्क्यासकट,
आणि कागदावरचं संपलं की
लाल मोपेडवरून एक माणूस यायचा.
त्याला आम्ही पेपरवाला म्हणत असू,
जरी पेपर सकाळीच आलेला असे.

औषध तांदळाच्या डब्यात राहायचं.
सातवीत असताना मी वाटीनं तांदूळ काढायला गेले
आणि बोटं काचेला लागली.
आई म्हणाली, पुरे झाले तेवढे तांदूळ.

शनिवारी बाबांना बरं नसायचं.
जिन्यातच त्यांना झोप लागायची.
सुरसागरच्या कठड्यापाशी एकच चप्पल सापडली,
तेव्हा पाय घसरला होता.
इतकी मराठी मला शाळेनंसुद्धा शिकवली नाही.

काल निहार गरब्याहून आला रात्री दोनला.
केडियावरचे आरसे घामानं मळलेले,
तोंडात बडीशेप. जरा जास्तच बडीशेप.
सोळा वर्षांचा आहे.
माझ्या जिभेवर आईचं वाक्य तयारच होतं:
दमला असशील, झोप आता.

स्वयंपाकघरातला दिवा लावला.
म्हटलं, बस.
दारू प्यायलास?

या घरात हा शब्द पहिल्यांदाच कुणी उच्चारला.
फ्रिज तेवढा घुमत राहिला.
दोन घोट, तो म्हणाला. सोड्याच्या बाटलीतून. पार्किंगमध्ये.
मग टेबलावरचं मीठ बोटानं गोळा करत बसला,
आणि बऱ्याच वेळानं:
ध्रुविननं खूप घेतली, आई.
त्याला आम्ही तिथंच बाकावर ठेवून आलो.

ओरडायचं राहूनच गेलं.
स्कूटरची किल्ली घेतली, पाण्याची बाटली,
एक जुना टॉवेल.
मागं बसून त्यानं विचारलं,
आजोबा पण?

न्यायमंदिरापाशी पिवळा दिवा नुसताच उघडझाप करत होता.
हो, म्हटलं. रोज.
मला कुणी सांगितलं नव्हतं, मी तुला सांगितलं नाही.
त्यानं माझा खांदा धरला की खड्डा आला म्हणून धरला,
कळलं नाही.

ध्रुविन बाकाखाली होता, कुशीवर,
थंडगार, पण श्वास चाललेला.
निहार त्याचं डोकं मांडीवर घेऊन
त्याच्या आईचा नंबर शोधू लागला.
मी आधी त्याचे पाय पाहिले.
दोन्ही पायांत बूट होते.