भोंगा

समुद्र तिकडे, सुरतेपलीकडे.
सारंगखेड्याची भरती-ओहोटी
बॅरेजच्या भोंग्यावर ठरते.

पूल झाल्यापासून झिपरू भोईच्या नावेत उतारू तीन:
पलीकडे शेत असलेली ठगूबाई,
तिची शेळी,
आणि एक मोटारसायकल,
जिचं पेट्रोल पुलाच्या वळशाला पुरत नाही.
भाडं दहा रुपये. शेळीचं घेत नाही.

आजा सांगायचा, मुखाशी तापी
दिवसातून दोनदा उलटी वाहते,
गलबतं तिच्या पाठीवर आत येतात.
झिपरू हसायचा :
"नई कधी मांगे फिरस का?"

आज दारं मिटली.
पाणी फुगलं, घाटाच्या सातव्या पायरीला टेकलं.
वल्हं आडवं ठेवून तो बिडी शोधत होता,
तेवढ्यात नाव
बोटभर
उगमाकडे सरकली.

शेळीच्या आधी लक्षात आलं.